रक्तदाबाचा रकाना

“सगळ्या बायकांचं बीपी एकशेवीस-ऐंशी? गाव हाय का छापखाना?” सर पुटपुटले. पन्हाळ्याजवळच्या उपकेंद्रात ते गरोदर बायकांचं रजिस्टर चाळत होते. समोर कंत्राटी नर्सताईंचा चेहरा उतरला होता.

परदेशी मदतीवर चालणाऱ्या आमच्या आरोग्य प्रकल्पात सर मूल्यमापनाचे प्रमुख आहेत. कुठलाही आकडा दिसला की तो कशानं मोजला, हे ते आधी बघतात. वजनकाट्यावर स्वतः चढतात. प्रश्न विचारून झाला की गप्प बसतात, आणि ती शांतता मला अवघड वाटते.

मी तपासणीच्या फॉर्मवर ‘खोट्या नोंदी’ असं लिहूनही टाकलं होतं. तेवढ्यावर ताईंची नोकरी गेली असती.

सरांनी बाही वर सारली. “माझं बघा की, ताई.”

दंडावरचा पट्टा फुगलाच नाही.

“पाच म्हैनं मशीन बंद हाय, साहेब. पत्र दिलंय. रकाना मोकळा ठेवला की वरनं बोलणी खावी लागत्यात,” ताई म्हणाल्या.

सरांनी माझ्या फॉर्मकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

नोंदी खोट्याच होत्या, म्हणून ते शब्द मी खोडले नाहीत. त्यांच्याखाली ‘मशीन पाच महिने बंद’ असं लिहिलं आणि सरांच्या आधी बोलले, “ताई, त्या पत्राची प्रत द्या. मी जोडते.”