पाहुण्यांचा पिवळा गूळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या वन्संना ओळखत नाही — ओळखत असता तर माझं तोंड उघडलं असतं का, कोण जाणे.

सत्तरीच्या दशकातली गोष्ट. कराडजवळ आमचा ऊस, आमचंच गुऱ्हाळ. मोठ्या कढईत रस उकळायला लागला की गुळव्या त्यात एक पांढरी पावडर टाकायचा. काडी पेटवल्यावर येतो तसा उग्र वास सुटायचा, डोळ्यांना पाणी यायचं, आणि गूळ पिवळाधमक निघायचा. बाजारात त्यालाच भाव. घरच्यासाठी एक कढई बिनपावडरीची — तो गूळ काळपट. पण पाहुण्याला गूळ-पाणी द्यायचं ते पिवळ्याचंच. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "पावन्याम्होरं काळा गूळ ठिवत्यात व्हय?"

सुशीला वन्सं, माझी नणंद, सांगलीला दिलेल्या. लहानपणापासून दम्याच्या. माहेरी आल्या की त्याही पाहुण्याच — मानाच्या. त्यांना पिवळा गूळ. आणि थोड्याच वेळात छातीतून शिट्ट्या वाजायला लागायच्या. सगळे म्हणत, गुऱ्हाळाचा धूर बाधला. मीही म्हणायचे.

मग एकदा त्या ऐन उन्हाळ्यात आल्या. गुऱ्हाळ बंद, धूर कुठला? तरी धाप लागलीच. पुढच्या खेपेला पिवळ्या ढेपेला मुंग्या लागलेल्या, म्हणून आत्याबाईंच्या नकळत मी काळा गूळ दिला. काही झालं नाही! रात्रभर शांत झोपल्या. मी चमकलेच. पावडर? खाल्ल्यानं श्वास अडकतो? दम्याच्या काही माणसांना असली पावडर घातलेलं खाणं बाधतं, हे डॉक्टरांकडून पुष्कळ नंतर ऐकलं. पण मला तेव्हाच कळलं होतं.

त्या खेपेला वन्सं महिनाभर राहिल्या. माझ्या भाकरीला नावं, माझ्या पोरांना शिस्त, आणि आत्याबाई लेकीच्या मागंपुढं. मी आपली धुण्याच्या ढिगात. मला राग यायचा — खूप राग. सांगायचं ते हे नाही. हे मी उगाच लांबवते आहे.

पुढच्या वेळी त्या येऊन ओसरीवर बसल्या, तेव्हा दोन्ही डबे माझ्यासमोर होते. पिवळ्याचा आणि काळ्याचा. मी पिवळ्यात हात घातला. चांगला मोठा खडा फोडून ताटलीत ठेवला. वन्संनी हसून घेतला. आणि मी — मी वाट बघत बसले.

मला वाटलं होतं, थोडं खोकतील, कंटाळून दोन दिवसांत जातील. त्या जमिनीला हात टेकून बसल्या. ओठ निळे पडले. डोळे माझ्याकडे. "वैनी... वारा घाल गं..." हे मी केलं? मी? बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सुई टोचली. वाचल्या.

तेव्हा तरी बोलायचं ना? आत्याबाई रडत त्यांना म्हणाल्या, "बाय, हितलं हवापानी तुला सोसंना. नगं येत जाऊ हितं." मी तिथंच उभी होते, पाण्याचा तांब्या धरून. एक वाक्य पुरलं असतं. वन्संनी पुन्हा माहेरी मुक्काम केला नाही. आत्याबाई गेल्या तेव्हाही माती होताच संध्याकाळच्या गाडीनं परतल्या. आईच्या घरात ती एक रात्रसुद्धा त्यांना मिळाली नाही.

वन्सं अजून आहेत. लग्नाकार्यात भेटल्या की चारचौघांत सांगतात, "त्या दिशी गाडीत वैनीनं पाठीवरनं हात फिरवला, म्हनून मी जगले."

हात माझाच होता. गुळानं चिकट. धुवायला वेळच मिळाला नव्हता.