जीप पाहायचे रविवार

कापसाच्या त्या वाईट वर्षांत फवारणीचं विष चढलेली माणसं बाभुळगावच्या माझ्या दवाखान्यात बैलगाडीतून यायची. त्यांना खेड्यांतून आणायला मला एक जुनी जीप हवी होती. यवतमाळला एक मिस्त्री होता, त्याला गाड्यांची चांगली पारख होती. गॅरेजमागच्या खोलीत तो एकटाच राहायचा आणि बोलताना माणसाकडे न पाहता चाकाकडे पाहायचा.

पहिल्या रविवारी त्याने मला एका विकाऊ जीपमध्ये मागे आडवं केलं आणि शेतांमधल्या दगडगोट्यांच्या पांदणीने गाडी नेली.

"पुढं बसून सगळ्याच गाड्या चांगल्या वाटते, डॉक्टरसाहेब. पेशंट काय तुमच्या बाजूले बसून येनार हाये?"

जीप मला आवडली. त्याने मान हलवली. "स्प्रिंगा कडक हायेत. पुढच्या रविवारी दुसरी पाहू."

असे तीन रविवार गेले. दरवेळी तो मुद्दाम लांबचा रस्ता घ्यायचा. चौथ्या रविवारी पुन्हा पहिलीच जीप समोर आली.

"ही तर तेव्हाच चांगली होती ना?" मी विचारलं.

"होती नं. पन तेव्हाच घेतली असती, तं तुमी पुन्हा कायले आले असते?"

मला राग आला. मधल्या काळात एक बाई बैलगाडीतच बेशुद्ध झाली होती आणि कशीबशी वाचली होती. मी ते त्याला सांगितलं. त्याने किल्ली माझ्या हातावर ठेवली.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो. तो घाईने बाहेर आला. "काय बिघडलं?"

"काही नाही. असाच आलो."

मला बसायला दुसरं स्टूल आणतो म्हणून तो आत गेला. बराच वेळ तो शोधत राहिला. गॅरेजमध्ये स्टूल एकच होतं, त्याचं स्वतःचं.