बाजेवर न चढलेली घोडी

गेल्या फेब्रुवारीत, एका गुरुवारी संध्याकाळी, माझ्या मोठ्या भावाची पांढरी घोडी वरातीत बाजेवर चढली नाही.

नवरदेव उतरला की घोडी नाचवतात. रस्त्यात बाज, म्हणजे दोरीनं विणलेली खाट, टाकतात. घोडी पुढचे दोन्ही पाय तिच्यावर ठेवते आणि सगळा भार मागच्या पायांवर घेऊन ढोलावर हलते. त्या दिवशी तिनं दोनदा मान झटकली, तिसऱ्यांदा मागं सरली. वऱ्हाडी हसले.

"अडून राहिली," भाऊ म्हणाला. "आठ दिवस रोज बाजेवर घेतली का सरळ होते."

"तिले दुखत असन काही," मी म्हटलं.

"तू पेपरात लिही गा. घोडी मले समजते."

त्याचं घर या एका घोडीवर चालायचं आणि लग्नसराई अर्धी उरली होती. त्यानं तिला रोज बाजेवर घेतलं. मधे नालबंद आला. तिनं डावा मागचा पाय उचलू दिला नाही. "नाल टोचत असन, भाऊ," म्हणत त्यानं दोरीनं पाय बांधून नवा नाल ठोकला. दोरी मी धरली होती.

नवव्या दिवशी ती बाजेवर चढली. डावा पाय घसरला आणि ती मागच्या बाजूनं खाली बसली. उठायला तिला बराच वेळ लागला.

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी खूर पाहिला नाही. ते तिच्या मागं जाऊन उभे राहिले आणि आम्हालाही तिथं बोलावलं. डाव्या पुठ्ठ्याचं मांस उजव्यापेक्षा सुकलं होतं. कमरेवर बोटं दाबताच ती खाली दबली.

"कणा जिथं कमरेच्या हाडाला जुळतो, तो सांधा दुखावलाय. हे आजचं नाही. धावताना मागचे पाय सशासारखे एकत्र टाकायची का?"

मी फोनमधला दिवाळीचा व्हिडिओ दाखवला. ती तशीच धावत होती. मागून भावाचा आवाज येत होता, "पाहा, नवी चाल शिकली." आणि माझं हसणं.

"बाज कायमची बंद," डॉक्टर म्हणाले. "काही महिने आराम. नालबंदाला पाय सहज दिला, तर हळूहळू चालवून पाहू. नाही दिला, तर वरात विसरा."

भाऊ ऑटो चालवू लागला. आता ऑक्टोबर आला; घोडी तेव्हापासून खुंट्यालाच आहे.

काल नालबंद आला. भावानं त्याच्या हातातली दोरी काढून घेतली. घोडीनं उजवा पाय दिला. डावा दिला नाही.