वांग्यांचे दोन वाफे

लग्न होऊन डोंबिवलीला येईपर्यंत मातीशी माझा काही संबंधच आला नव्हता. माहेर गिरगावात, चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर. इथे भाड्याच्या दोन खोल्यांमागे भरपूर मोकळी जागा होती आणि ह्यांना बागेची भारी हौस. दिवाळीनंतर मी आयुष्यातली पहिली कुदळ मारली, तर ढेकळातून एक लांबलचक गांडूळ वळवळत बाहेर आलं. मी अशी किंचाळले की दूध घालायला आलेली आगरी बाई मागच्या दारी धावत आली.

"गांडूल बगून भ्यायलीस? अगो पोरी, जमीन तोच नांगरतो!" ती हसत सुटली.

वांग्यांचे दोन वाफे केले. माझ्या वाफ्यात त्या बाईच्या गोठ्यातलं कुजलेलं शेणखत घातलं. ह्यांना ऑफिसात कोणीतरी सांगितलं, म्हणून ह्यांनी साखरेसारखं पांढरं सल्फेट खत आणलं आणि "थोडं जास्त पडलेलं बरं" म्हणत मुठी भरभरून टाकलं. पंधरा दिवसांत ह्यांची रोपं हिरवीगार, तरतरीत. माझी आपली बेताची. हे ऑफिसला निघताना रोज मुद्दाम तिकडून जायचे. मीही खूश होते, पण वेगळ्याच कारणाने. त्या वाफ्यात गांडुळं दिसेनाशी झाली होती.

मग ह्यांच्या रोपांच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. माती आवळून घट्ट झाली, घातलेलं पाणी वरच साचून राही. माझ्या वाफ्यात ते बघता बघता मुरायचं, आणि फळ धरायला लागलं होतं.

"अहो, तुमच्या वाफ्यात शेवटचं गांडूळ कधी दिसलं?"

"अगं, तुलाच तर नको होती ना ती!"

नको होती खरी. करपलेली रोपं उपटून मी तो वाफा खणला, दोन-तीनदा चांगला भिजवला, शेणखत आणि पालापाचोळा मिसळला. काही दिवसांनी माझ्याकडची गांडुळं करवंटीतून नेऊन तिथे सोडली. पहिलं उचलताना डोळे गच्च मिटले होते. पाचव्याशी मी चक्क बोलत होते.

पुढच्या हंगामात दोन्हीकडे शेणखत घातलं. सल्फेट चिमूटभर, तेही बुंध्यापासून लांब. वांगी इतकी लागली की मला पिशवी घेऊन येताना पाहून शेजारणी दार लोटून घ्यायच्या. हे मात्र प्रत्येक भरिताच्या वेळी विचारायचे, "माझ्या वाफ्यातलं ना गं?"

मी "हो" म्हणायचे. खरं तर कुठलं वांगं कुठून तोडलं, ते मलाही आठवत नसे.