मैनेची उजवी बाजू

पहाटे फलटण सोडलं. टेम्पोच्या केबिनमध्ये ड्रायव्हर पोपट आणि मी, मागे पेंढ्यावर मैना. मैना ही आमची घोडी, मारवाडी जातीची, कानांची टोकं एकमेकांना टेकतील अशी. आमची म्हणते, पण होती ती विलासरावांची. विलासराव म्हणजे माझे यजमान. एकाच शाळेत ते पीटीचे सर आणि मी मराठीची बाई. सारंगखेड्याच्या यात्रेतून त्यांनी ही घोडी आणली, तेव्हा मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नव्हते. दोन वर्षांपूर्वी ते अचानक गेले, आणि दिवसकार्य उरकल्यावर मी स्वतः उठून घोडीवर बसले. पन्नाशी उलटल्यावर. लोकांनी तोंडात बोटं घातली. घालू देत.

बसण्याचं कारण तेव्हा कुणाला सांगितलं नाही, इथे सांगते. मैना चालायला लागली की तिच्या चालीत मला ते सापडायचे. रस्त्याच्या उजव्या कडेला झुकत, अंग किंचित तिरकं टाकत ती चालायची, अगदी ते वर असताना चालायची तशी. मी लगाम धरून बसलेली असायची खरी, पण वाटायचं, मागे तेच बसलेत आणि घोडी तेच हाकताहेत. घरात फोटोला हार घालून जे वाटत नव्हतं, ते कालव्याच्या वाटेवर वाटायचं.

मात्र गेल्या दिवाळीपासून रपेट झाली की मैनेचा पुढचा उजवा पाय गरम व्हायला लागला, मग सुजायला लागला. जनावरांच्या डॉक्टरांनी फोटो काढले. हाडाला काही झालेलं नाही म्हणाले, बसणाऱ्यात काहीतरी चुकतंय. असंच चालू राहिलं, तर पुढच्या वर्षी हिच्यावर कुणालाच बसता येणार नाही. त्यांनीच दिंडोरीजवळच्या शैलाताईंचं नाव सुचवलं. त्या ड्रेसाज शिकवतात. पायाच्या दाबाने, पाठीच्या हालचालीने, दिसेल न दिसेल अशा खुणांनी घोड्याशी बोलायची ही विद्या. मला आपलं वाटलं होतं की तो घोड्याचा नाच असतो आणि माझ्यासारखीचं तिथे काय काम. पण पायाचा प्रश्न होता, म्हणून शाळेला उन्हाळी सुट्टी लागायची वाटही न बघता रजा टाकून निघाले.

घोडी घेऊन प्रवास करायचा म्हणजे घाई नावाचा प्रकार विसरायचा. नारायणगावला थांबून तिला पाणी पाजलं, आम्ही मिसळ खाल्ली. चंदनापुरीच्या घाटात पोपटने बैलगाडीच्या वेगाने टेम्पो चालवला आणि मागच्या सगळ्या गाड्यांच्या शिव्या शांतपणे खाल्ल्या. सिन्नरला पुन्हा पाणी. नाशकात शिरलो तेव्हा ऊन रणरणत होतं, आणि द्वारकेच्या चौकात अशी काही गर्दी तुंबली होती, की मैनेने खिंकाळून अख्ख्या चौकाला आपली ओळख करून दिली.

दिंडोरी नाक्याच्या पुढे सावली बघून थांबलो. शेजारी एक बाई जुन्या साडीवर गाजरं आणि मेथी मांडून बसल्या होत्या. उठून आल्या, फळीच्या फटीतून मैनेकडे बघितलं.

“लग्नाची हाय का घोडी?”

“नाही हो. शिकायला चाललीय.”

“ती, का तुम्ही?”

मी म्हटलं, बहुतेक दोघी. त्यांनी दोन गाजरं फटीतून आत सरकवली आणि पैशाचं नाव काढलं तर रागावल्या. आमच्याकडे अनोळखी माणसाच्या टेम्पोत कुणी असं गाजर सरकवत नाही, पहिल्यांदा चौकशी करतात की हे पाहुणे कुणाचे.

म्हसरूळ मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे सुरू झाले. द्राक्षबागा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे हिरवेगार मांडव होते. प्रत्यक्षात सगळीकडे नुसत्या काड्या आणि तारा. खरड छाटणी (द्राक्षं उतरवल्यावर एप्रिलमध्ये वेल बोडकी करतात ती) नुकतीच उरकली होती. वेलींच्या बुंध्यांशी कापलेल्या फांद्यांचे ढीग पडले होते. इतक्या लांब येऊन हे बघायला मिळालं म्हणून मी जरा खट्टूच झाले.

शैलाताईंचा तबेला भावांच्या बागेच्या टोकाला आहे. स्वतः शैलाताई पंचेचाळीसच्या, किडकिडीत, डोक्यावर टोपी, हातात सतत चहाचा कप. घोडेस्वारीच्या स्पर्धांत बरीच वर्षं काढून त्या माहेरच्या मळ्यात परत आल्या आणि भावांकडून दोन बिघे मागून घेऊन तिथे रेतीचं लांबट मैदान केलं. अशा मैदानाच्या कडेने ठरावीक अक्षरं लावायची असतात, म्हणजे अमुक अक्षरापाशी वळा, तमुकपाशी थांबा, असं स्वाराला सांगता येतं. शैलाताईंनी ती अक्षरं द्राक्षांच्या क्रेटवर रंगवली आहेत. हंगामात क्रेट कमी पडले की भाऊ अक्षरंच उचलून नेतात, मग महिनाभर अंदाजाने वळायचं, असं त्यांनी मला अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं.

त्या दिवशी बसणं नव्हतं. मैनेला पाणी, वैरण, विश्रांती. मला मंगलवहिनींनी, म्हणजे शैलाताईंच्या भावजयीने, शेंगोळे (कुळथाच्या पिठाची वेटोळी, लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेली) वाढले. नाकातोंडातून पाणी आलं तरी दुसऱ्यांदा मागून घेतले. तबेल्यात मैनेपुढेही भिजवलेले कुळीथच होते. घोडीचं आणि माझं जेवण एक निघालं याचं मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गड्याने दाताळ्याने मैदानातली रेती सारखी केली. शैलाताई म्हणाल्या, या क्रेटपासून समोरच्या क्रेटपर्यंत सरळ जा, बाकी काही करू नका. एवढंच? मी ऐटीत गेले. वळून बघितलं तर शैलाताई रेतीत उकिडव्या बसल्या होत्या. मला खाली उतरवून त्यांनी टापांचे ठसे दाखवले. सरळ म्हणून मी गेले होते ती वाट चक्क उजवीकडे कलली होती, आणि उजव्या पुढच्या पायाचा ठसा बाकी तिन्हींपेक्षा खोल होता. मग त्यांनी मैनेला रिकाम्या पाठीने, हातात दोरी धरून तेवढंच अंतर चालवलं. आता ठसे सरळ, चारही सारखे.

“हिला आधी कोण फिरवायचं?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

“डाव्या पायात काही दोष होता त्यांच्या?”

या बाईंनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. तरुणपणी कबड्डीत त्यांचा डावा पाय मोडला होता. चालताना कळायचं नाही, पण रिकिबीत डाव्या पायावर भार द्यायचं ते टाळायचे. सगळं वजन उजव्या बैठकीवर टाकायचे.

“घोडी त्यांच्या वजनाखाली जायला शिकली,” शैलाताई म्हणाल्या. “ते कळलं. पण बाई, आता ते नाहीत. आता उजवीकडे तुम्ही बसताय.”

मी म्हटलं, माझे दोन्ही पाय ठणठणीत आहेत, मी कशाला वाकडी बसेन? त्यांनी मला पुन्हा घोडीवर बसवलं, मागे उभं राहून मोबाइलवर फोटो काढला आणि हातात दिला. पाठमोरी बाई. उजवा खांदा खाली, डावी टाच वर उचललेली, कंबर एका बाजूला टाकलेली. साडीऐवजी पँट, अंबाडा टोपीखाली. चेहरा दिसत नसल्यामुळे क्षणभर मी फसले. ते विलासरावच होते.

शैलाताईंचं म्हणणं असं की घोडीने मला शिकवलं. तिला ज्या बाजूला वजन हवं असायचं त्या बाजूला ती मला रोज थोडी थोडी सरकवत गेली, आणि मी सरकत गेले. दोन वर्षं मी नवऱ्यासारखी बसत होते आणि मला पत्ता नव्हता.

मला काय वाटलं ते सरळच सांगते. आनंद झाला. असा आनंद की रडू फुटलं. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांची एकही सवय मी उचलली नव्हती, उलट त्यांच्याच सवयी मोडायला बघत होते, आणि आता माझ्या कंबरेत ते येऊन राहिले होते. शैलाताईंनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, हे मोडायला लागेल. तुमची बैठक सरळ झाली की घोडी सरळ होईल आणि तिचा पाय वाचेल, दुसरा उपाय नाही.

मी मोडणार नाही म्हणाले. पोराने हट्ट धरावा तशी म्हणाले, आणि तरातरा निघून खोलीत जाऊन बसले. परत जायचं, मैनेला नुसती दावणीला ठेवायची, चालवायचीच नाही, असं काय काय ठरवलं. दुपारी मंगलवहिनी ताट घेऊन आल्या. त्यांना सगळं कळलं होतं. समजूत वगैरे काही घातली नाही त्यांनी. मी जेवून उठेपर्यंत बसल्या, आणि जाता जाता एवढंच म्हणाल्या, की तुमची घोडी पाय उचलून उभी आहे, शेक द्यायचा तर चला, पाणी गरम केलंय.

मी गेले. पाय हातात घेतला तर चांगला तापला होता. मैनेने मान वळवून माझ्या खांद्यावर ठेवली. तिला बिचारीला काय माहीत, आपण कुणाचं ओझं वाहतोय. तिने फक्त जसं सांगितलं तसं केलं होतं. शेकता शेकता माझा हट्ट विरघळून गेला.

पायाची सूज उतरल्यावर काम सुरू झालं. शैलाताई मधोमध उभ्या, त्यांच्या हातात लांब दोरी, दोरीच्या टोकाला मैना गोल फिरतेय आणि तिच्यावर मी, रिकिबी काढून घेतलेल्या, डोळे मिटलेले, उजवा हात आकाशाकडे. डावीकडे बसा, डावीकडे. मला वाटायचं मी आता डावीकडे खाली पडणार, आणि शैलाताई म्हणायच्या, आत्ता कुठे तुम्ही मध्यावर आलात. एकदा खरोखरच पडले. रेती मऊ होती, अब्रू तेवढी दुखावली. तोंडातली रेती थुंकत होते तर तारेपलीकडे काड्या गोळा करणाऱ्या दोघीजणी पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यातली एक म्हणाली, “लय भारी पडल्या, बाई.” काय बोलणार? कौतुक ते कौतुक.

मैदानात जमायला लागल्यावर त्यांनी मला बागेत पाठवलं. दोन प्लॉटच्या मधून ट्रॅक्टरचा रस्ता जातो. वर्षानुवर्षं चाकं जाऊन दोन खोल चाकोऱ्या पडल्यात, मध्ये गवताची उंच पट्टी. त्या पट्टीवरून घोडी न्यायची. जरा उजवीकडे वजन गेलं की मैना चाकोरीत उतरायची, आणि धक्का थेट माझ्या मणक्यात बसायचा. शैलाताईंना ओरडावंही लागायचं नाही. त्यांची सगळी शिष्यमंडळी छाटणीनंतर याच रस्त्यावर सरळ होतात म्हणे. एरवी फवारण्या चालू असतात आणि भाऊ घोड्यांना आत पाऊल टाकू देत नाहीत. त्या बोडक्या वेलींवर पहिल्या दिवशी मी नाराज झाले होते, पण त्या बोडक्या होत्या म्हणूनच मला ती वाट मिळाली.

आणि एका सकाळी मैना त्या गवतावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. एकदाही उतरली नाही. दोन्ही कान पुढे, मान सैल, पाठ माझ्याखाली अलगद वर उचललेली. चाल इतकी मोकळी, की इतकी वर्षं ही घोडी अवघडून चालत होती हे मला तेव्हा कळलं. टोकाला उभ्या असलेल्या शैलाताईंनी कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. खाली उतरून मी तिचा पाय चाचपला, तो गार होता. मी हसत होते, आणि आतून मला कोणी तरी रिकामं केलं होतं. त्या अख्ख्या वाटेवर माझ्याबरोबर कुणी नव्हतं. मैना होती आणि मी होते, बस्स.

निघताना मंगलवहिनींनी बेदाण्यांची पिशवी दिली. शैलाताईंनी मैनेच्या कपाळावर हात फिरवला आणि मला बजावलं, घरी गेल्यावर जुनी सवय मागे लागेल, तिला दारात उभं करू नका. परतीच्या वाटेत पोपट खूप बोलला, मी फक्त हं हं करत होते. कुठली गावं मागे पडली, आठवत नाही.

फलटणला आल्यावर दोन दिवस मैनेला आराम दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला कालव्याच्या वाटेवर काढलं. वाटेवर कुणी नव्हतं. मी मधोमध बसले, ती मधोमध चालली. सगळं जसं हवं तसं. आणि मला त्यांची फार आठवण आली. याच वाटेवर तर ते भेटायचे.

मी उजवी बैठक खाली सोडली. डावी टाच उचलली. मैनेचा एक कान मागे वळला. एक-दोन पावलं ती घुटमळली, जणू नक्की ना, असं विचारत होती. मग अलगद उजव्या कडेला झुकली, अंग तिरकं टाकलं आणि तीच चाल चालायला लागली. काही विसरली नव्हती. माझ्या कंबरेत, पाठीत, खाली उतरलेल्या खांद्यात ते आले. मी डोळे मिटले. कालव्याचं पाणी बाजूने वाहत होतं आणि आम्ही तिघं जात होतो.

थोडं पुढे गेल्यावर मला तिचं उजवं पाऊल जमिनीवर जड पडताना ऐकू आलं.

“अहो,” मी म्हटलं, “उतरा आता. तिचा पाय दुखतो.”

आणि मी सरळ बसले.