कठड्यापासून पाण्यापर्यंत

माझा एच-इंडेक्स किती, हे आमच्या कॉलेजच्या शिपायालाही तोंडपाठ होतं. मूल्यांकन समिती येणार म्हटल्यावर त्या कामाच्या समन्वयकांनी सगळ्या प्राध्यापकांचा एक तक्ता छापून स्टाफरूमच्या दाराशी लावला. नाव, लेख किती, ते इतरांनी किती वेळा संदर्भाला घेतले, सहलेखक कुठले, आणि शेवटच्या रकान्यात तो एच-इंडेक्स. समन्वयक एरवी रसायनशास्त्र शिकवायचे. दर महिन्याच्या एक तारखेला ते जुना तक्ता काढून नवा चिकटवायचे. आम्ही चहाचा कप घेऊन त्याच्यासमोरून जायचो, बघत नाही असं दाखवायचो, आणि सगळेच बघायचो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. एखाद्याचे सात लेख निदान सात-सात वेळा कोणीतरी संदर्भाला घेतले असले, की त्याचा आकडा सात. माझा सात होता. मी जामखेडला भूगोल शिकवत होते. पाच दिवस तिथे भाड्याची खोली, शनिवार-रविवार भिंगारला घर, असं वीस वर्षं चाललं होतं. वीस वर्षांत सात म्हणजे काही दिवे लावले असं नाही, पण तक्त्यात माझ्या वर कोणी नव्हतं. हिवाळ्यात प्रोफेसरपदासाठी माझी मुलाखत व्हायची होती. आमच्या कॉलेजात ते पद तोवर कुठल्याच बाईला मिळालं नव्हतं आणि मला ते हवं होतं. अगदी हावरटासारखं हवं होतं.

माझ्या एकूण संदर्भांपैकी निम्म्याहून जास्त एकट्या एका लेखाचे होते. तालुक्यातल्या एका गावच्या अकरा विहिरींवरचा तो लेख. गावच्या ओढ्यावर बंधारा बांधला, त्याने विहिरींचं पाणी वाढलं का, एवढाच प्रश्न. उत्तर आलं, नाही. उलट खाली गेलं. सगळे म्हणतात त्याच्या उलट लिहिलं की लोक भराभर संदर्भ देतात, हे मला तेव्हा कळलं. लेखावर चार नावं होती. माझं, माझ्या पुण्याच्या मार्गदर्शकांचं, आकडे जुळवून दिले म्हणून समन्वयकांचं, आणि प्राचार्यांचं, ते प्राचार्य होते म्हणून.

पाणी मोजणारीचं नाव लेखावर नव्हतं. ओढ्याच्या काठी तिची दोन-अडीच एकर जमीन होती. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला बाई. दर अमावस्येला ती टेप घेऊन अकराही विहिरींवर जायची. टेपच्या टोकाला लोखंडी नट बांधलेला. कठड्यावरून टेप सोडायचा, नट पाण्याला टेकला की आकडा वहीत लिहायचा. अमावस्या तिनेच ठरवली होती. त्या दिवशी गावात औत धरत नाहीत, त्यामुळे तिलाही सवड असते आणि दुसऱ्याच्या विहिरीवर माणूसही सापडतो. पहिली दोन वर्षं मी स्वतः जायचे. पुढे ती वहीच्या पानाचा फोटो मोबाईलवर पाठवू लागली आणि माझं जाणं सुटलं. एकदा फोनवर म्हणाली होती, "बाई, औंदा पानी चढलंय. हिरीच्या पायऱ्या बुडाल्यात." मी म्हणाले होते, "मावशी, डोळ्याला तसं वाटतं. तुमचाच आकडा वेगळं सांगतोय." "बरं" म्हणून तिने फोन ठेवला. मला वाटलं, पटलं.

भाद्रपदात समन्वयकांना फाईलसाठी फोटो हवे झाले. "मॅडम, प्रत्यक्ष काम करतानाचे द्या. एक जुना, एक नवा. समितीला सातत्य दिसलं पाहिजे." जुना माझ्याकडे होता. नव्यासाठी अमावस्या बघून गावात गेले, मावशीच्या विहिरीवर टेप घेऊन उभी राहिले, मावशीने मोबाईलवर फोटो काढला. माझ्याकडे वेळ नव्हता, दहा मिनिटांत परत निघाले.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. जुन्या फोटोत मी वाकलेली होते आणि कठडा माझ्या गुडघ्याला लागत होता. नव्या फोटोत मी ताठ उभी होते आणि कठडा कमरेच्या वर आला होता. पाच मिनिटं मी स्वतःच्या उंचीचा विचार करत बसले. चूक आपली असेल हे सोडून माणसाला बाकी सगळं सुचतं.

मग मी मावशीला फोन लावला. विहिरीचा कठडा कधी वाढवला, ते विचारलं.

"लई दिस झालं की. म्हैस पडली हुती हिरीत, तवा पंचायतीनं समद्यांचे कठडे वाढवले. अडीच-अडीच फूट."

"मला सांगितलं का नाही?"

"तुमी पान्याचं इचारलं. कठड्याचं कुठं इचारलं?" आणि मग, "का वं बाई, काय झालं?"

"काही नाही. सहज," मी म्हणाले.

अकराच्या अकरा विहिरी एकाच वर्षी खाली गेल्या होत्या, आणि त्याही जवळपास सारख्याच. लेख लिहिताना याचं मला नवल वाटायला हवं होतं. मला आनंद झाला होता. आलेख इतका सुबक दिसत होता की मी तो रंगीत छापून घेतला होता. आता कठड्याचे अडीच फूट वजा करून बघितलं तर पाणी खाली गेलंच नव्हतं, फूट-दीड फूट चढलं होतं. बंधारा आपलं काम करत होता. पायऱ्या खरोखरच बुडाल्या होत्या. मला शरम वाटली, आणि तिच्यामागोमाग लगेच मुलाखतीची तारीख आठवली. या दोन्हींच्या मध्ये किती वेळ गेला ते मोजलं नाही, पण फार नसावा.

दुरुस्ती तशी अवघड नव्हती. लेख छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र लिहायचं, चारही लेखकांची संमती जोडायची, ते दुरुस्ती छापतात. मी पत्र लिहिलं आणि समन्वयकांपुढे ठेवलं. त्यांनी ते वाचलं आणि टेबलावर पालथं घातलं.

"मॅडम, हा लेख एकट्या तुमचा नाही. चौघांचे आकडे यावर उभे आहेत, कॉलेजचाही. लेखच मागे घ्या म्हणाले तर? समिती येऊन जाऊ द्या. तुमची मुलाखत होऊन जाऊ द्या. विहिरी काय पळून चालल्यात?"

इथे मला राग यायला हवा होता. मला हायसं वाटलं. नकार दुसऱ्याच्या तोंडून आला होता, आता माझ्याकडे कोणी बोट दाखवणार नव्हतं. मी पत्र पर्समध्ये ठेवलं आणि ते पाच महिने तिथेच राहिलं. किराणा सामानाच्या याद्या काढताना दरवेळी हाताला लागायचं.

समिती आली, फाईल बघितली, दोन्ही फोटोंवरून बोट फिरवून पुढे गेली. मुलाखतीत एका सदस्यांनी नेमका तोच लेख काढला. "याला बरेच संदर्भ दिसतात. मोजमाप प्रत्यक्ष जाऊन केलंत?"

"दर अमावस्येला," मी म्हणाले. सगळे कौतुकाने हसले. मीही हसले.

पौषाच्या अमावस्येला मी पेढे घेऊन गावात गेले. फोटोच्या दिवसानंतर मी दर महिन्याला जाऊ लागले होते आणि प्रत्येक कठड्याची उंची वहीत वेगळी लिहू लागले होते, तेवढ्याने मनाला जरा बरं वाटायचं. मावशीला मोठं पद मिळाल्याचं सांगितलं. तिने एक पेढा देवापुढे ठेवला, एक खाल्ला आणि म्हणाली, "लई चांगलं झालं, बाई. कष्टाचं फळ." कठड्याचं मी काही बोलले नाही.

दुरुस्तीचं पत्र मी फाल्गुनात पाठवलं. आता सगळ्यांनी संमती दिली, कोणाचं काही अडलेलं नव्हतं. ज्येष्ठात दुरुस्ती छापून आली, अर्ध्या पानाची. नियमाप्रमाणे तिच्यावरही तीच चार नावं. एक तारखेला नवा तक्ता लागला तेव्हा कॉलेजातल्या आम्हा तिघा लेखकांपुढचा लेखांचा आकडा एकाने वाढलेला होता. मी समन्वयकांना विचारलं. ते म्हणाले, "दुरुस्ती झाली म्हणून काय झालं, मॅडम? प्रकाशनच ते." चूक करून एक लेख झाला होता, कबूल करून दुसरा. जुन्या लेखाचे संदर्भ त्या महिन्यातही दोनाने वाढले होते. दुरुस्तीचा संदर्भ कोणी घेतला नव्हता. आजही घेतलेला नाही.

ज्येष्ठातल्या अमावस्येला मी दुरुस्तीची छापील प्रत मावशीकडे नेली. विहिरीवर उभ्या उभ्या तिला सगळं समजावून सांगितलं. कठडा, अडीच फूट, माझी चूक. तिचे आकडे बरोबरच होते, तेही सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी आता पानी चढलं म्हनायचं का?"

"हो."

"बरं झालं." कागदाची घडी करून तिने वहीत ठेवली. "ह्यो आधी आसता तर त्या सायबाला दावला आसता."

कुठल्या साहेबाला, ते मी विचारलं. गावाने वरच्या अंगाला दुसरा बंधारा मागितला होता. गावकऱ्यांबरोबर तीही तालुक्याच्या जलसंधारण कचेरीत गेली होती. साहेबांनी अर्ज परत केला. त्यांच्या टेबलावर माझा लेख होता, पिवळ्या रेघा मारलेला.

"सायेब म्हनले, तुमच्या कालेजच्या बाईंनीच मोजून लिवलंय, बंधाऱ्याचा उपेग न्हाई. तुमचं नाव घेतलं बगा. आमचा अर्ज गेला त्यो गेला, पर मला बरं वाटलं. आपल्या बाईंचं नाव कचेरीत हाय."

हा संदर्भ समन्वयकांच्या तक्त्यात कधी येणार नव्हता.

"कधी झालं हे?" मी विचारलं.

"तुमी पेढे आनले हुते न्हवं का, त्याच आठवड्यात."

तिने टेपचं टोक माझ्या हातात दिलं. अजून दहा विहिरी व्हायच्या होत्या. मी नट कठड्यावरून खाली सोडला आणि तो पाण्याला टेकेपर्यंत टेपकडे बघत राहिले. मला सांगितलं का नाही, हे या वेळी मी तिला विचारलं नाही.