उजव्या अंगठ्याचा घट्टा

सौदी अरेबियातल्या हाइलच्या एका इस्पितळात सकिना मुकादम एकोणीस वर्षं सर्जिकल वॉर्डात होती, आणि त्या एकोणीस वर्षांत तिने कुणाला मोठं मानलं नाही. डॉक्टर म्हणजे सही करायचं यंत्र, नातेवाईक म्हणजे कुंपण मोडून आत घुसलेली गुरं, आणि पेशंट म्हणजे तोंड उघडलं की खोटं बोलणारी जात. हर्णैच्या बंदरावर मासळीचे लिलाव ऐकत वाढलेली बाई. आवाज असा की इकडे हिने हाक दिली की वॉर्डाच्या पार त्या टोकाचा पेशंट न विचारता गोळी गिळून मोकळा व्हायचा.

अशा बाईला पन्नाशीत शाळेत बसवलं. इस्पितळाने ठरवलं, की वॉर्डातल्या खाटा कमी करायच्या आणि माणसं घरी जाऊन तपासायची. त्यासाठी रजिस्टर्ड नर्सना आठ आठवड्यांचं खास ट्रेनिंग. पास होईल ती होम केअरच्या पथकात. नापास होईल तिचं कॉन्ट्रॅक्ट पुढे नाही, इकामा, म्हणजे राहायचा परवाना, संपला की खलास. सकिनाचा नवरा कधीच वारलेला, पोरबाळ नाही. घरी जायचं म्हणजे भावाकडे, आणि भावाकडे म्हणजे भावजय सफूरेच्या हाताखाली. ही सफूरा गोड बोलत बोलत माणसाला भांड्यांपाशी बसवते. तिच्या चुलीपाशी जाऊन भाकऱ्या मी थापू का म्हणून विचारायचं, त्यापेक्षा इथे कुणाचे उंट राखेन, असं सकिना म्हणायची. म्हणून बसली शाळेत.

शिकवायला कोण, तर श्रुती. पुण्याची, वय तीस, पदव्या दोन, आणि हात असे की त्यांनी बेडपॅन उचललं असेल तर फक्त फोटोसाठी. ट्रेनिंगच्या खोलीत तिने एक घर मांडलं होतं. पलंग, टेबल, खुर्ची, भिंतीवर घड्याळ आणि पलंगावर रबरी पेशंट. बॅग टेबलावरच ठेवायची, जमिनीवर कधीच नाही. पेशंट पलंगावर, नर्स उजव्या हाताला. चाळीस मिनिटांत भेट पुरी. आणि एक नियम श्रुती दर वर्गात सांगायची, की नमाजच्या वेळी कुणाच्या घरी जायचं नाही, कारण आपण लोकांच्या धर्माचा आदर करतो. हे म्हणताना ती हात छातीशी नेई.

शेजारच्या बाकावर श्रीवर्धनची ताजुन्निसा बसायची. तिच्या कानाशी सकिना म्हणाली, "काय गो ताजू, या रबराच्या मेल्याला पलंग हाय, टेबल हाय. हाइलात असला पेशंट तू बघितलास कंदी?"

बघितला नव्हता. सकिना पहिल्याच घरी गेली तर टेबल नाही, पलंग नाही, गालिचा आणि लोड. बॅग हातात धरून ती पाच मिनिटं तशीच उभी राहिली, आणि घरातली माणसं ही खाली का बसत नाही म्हणून बघत राहिली. शेवटी बॅग ठेवली गालिच्यावर आणि फॉर्मवर लिहिलं, टेबलावर ठेवली. श्रुतीने त्याचे पूर्ण मार्क दिले.

प्रत्येकीला एक पेशंट शेवटपर्यंत सांभाळायचा होता. सकिनाच्या वाट्याला आला हम्माद. गव्हाची शेती केलेला म्हातारा, सत्तरीचा, खडकासारखा. थोरल्या पोराचं नाव झयान, म्हणून सगळे त्याला अबू झयान म्हणत. साखरेचा रोग, आणि उजव्या पायाच्या अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम. इस्पितळात ठेवला की भरत यायची, घरी सोडला की पुन्हा उघडायची. तिसऱ्यांदा उघडली होती. डॉक्टरने तारीख दिली, आठव्या आठवड्यापर्यंत जखम आटली नाही तर अंगठा काढायचा. म्हणजे म्हाताऱ्याचा अंगठा आणि सकिनाची नोकरी एकाच तारखेला टांगलेली.

सकिनाला पहिल्याच दिवशी कारण कळलं, म्हणजे कळलंसं वाटलं. खोलीच्या कोपऱ्यात खजुराचं ताट होतं. तिने विचारलं, तर म्हाताऱ्याने सांगितलं, एकच खातो, कॉफीबरोबर. एकच! सकिनाने असले एकच खाणारे वॉर्डात पायलीचे पन्नास बघितले होते. तिने फॉर्मवर ठोकून दिलं, पेशंट पथ्य पाळत नाही. त्याच्या बायकोला तंबी दिली, ताट उचलायला लावलं. इस्पितळाने दिलेली मऊ चप्पल तो घालतो का, तेही विचारलं. घालत होता, संडासला जातानासुद्धा. तेही तिला खोटं वाटलं.

दर भेटीला ती जखम धुवायची, कागदी पट्टीने मापायची, कडेचा घट्टा ब्लेडने तासायची, नवी पट्टी बांधायची. हात तिचा देवानं दिलेला, त्यात शंका नाही. पण पाच आठवडे झाले, माप बावीस मिलिमीटर होतं ते बावीसच. साखर उतरली, ताट गेलं, जखम तिथेच. आणि तासलेला घट्टा चार दिवसांत पुन्हा तेवढाच. आता घट्टा कशाने येतो? दाबाने. हे कोकणातल्या नांगरधऱ्यालाही ठाऊक. पण सकिनाने एकदा माणसाला खोटारडा ठरवलं की तिला पुढचं काही दिसत नसे.

मग त्या दिवशी टायर पंक्चर झाला. ड्रायव्हर उस्मान, सुदानचा, कामात इतका सावकाश की त्याच्या हातातला स्क्रूही कंटाळावा. दोनची भेट साडेतीनला सुरू झाली, आणि पट्टी बांधून होते न होते तोच असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, अजान झाली. उस्मान गाडीला कुलूप लावून मशिदीत गेला. हम्मादच्या बायकोने सकिनाला आत बायकांच्या खोलीत जागा दिली, नमाजाला मुसल्ला अंथरून दिला. नमाज पढून सकिना बाहेर आली आणि ओट्यासारख्या पायरीवर बसली. समोरचं दार अर्धं उघडं होतं. म्हातारा पाठमोरा, नमाजात. चप्पल बाजूला काढून ठेवलेली.

तो बसला. डावा पाय खाली घातलेला, उजवं पाऊल उभं, बोटं मुडपून जमिनीत रोवलेली. शरीराचा भार आणि खाली ती पट्टी, सकिनाने पंधरा मिनिटांपूर्वी बांधलेली. म्हातारा घाईचा नव्हता. बसला की निवांत बसे. उठला, वाकला, पुन्हा त्याच अंगठ्यावर. दिवसाला नमाजाची सतरा आवर्तनं, म्हणजे रकाती, फर्ज म्हणून सक्तीच्या, वर सुन्नतच्या जादा, वर म्हाताऱ्याची हौस.

सकिना बघत राहिली. मग तिने आपला उजवा मोजा उतरवला. तिच्या अंगठ्याखाली, त्याच जागी, तसाच घट्टा होता. लहानपणापासून होता. तिने त्यावर कधी विचार केला नव्हता, कारण तो तिच्या पायाला होता, पेशंटच्या नव्हे.

नमाज झाल्यावर ती दारात उभी राहिली आणि सांगितलं, की अंगठा खजुराने नाही, बसण्याने जातोय. म्हाताऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं, जसं बैल माशीकडे बघतो.

"नमाज कशी पढायची, हे हिंदची बाई मला सांगणार?"

"मी पायाचं सांगतेय. सहा आठवडे खुर्चीवर बसून पढा, अबू झयान. नाही पढलात तर पुढे जन्मभर खुर्चीवरच पढाल."

तो म्हणाला, मशिदीत खुर्चीवर बसणाऱ्यांना तो आयुष्यभर आळशी म्हणत आला आहे. सकिना वाद घालत बसली नाही. बायकोला आत बोलावलं, मोजा काढलेला पाय पुढे केला आणि घट्टा दाखवला. मी बसते तशीच तुमचा नवरा बसतो, म्हणाली, फक्त माझ्या पायात साखर नाही. बाईने वाकून पाहिलं, बोट लावून पाहिलं. मग ती नवऱ्याच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं, आणि आतून जो आवाज आला तो ऐकून सकिनाला हर्णै बंदर आठवलं.

पुढच्या भेटीला गालिच्याच्या मधोमध पांढरी प्लास्टिकची खुर्ची होती. म्हातारा त्या खुर्चीकडे न बोलावता आलेल्या व्याह्याकडे बघावं तसा बघत होता. पण त्या आठवड्यात घट्टा आला नाही.

श्रुतीला हे फॉर्मवर मांडता येईना. कारणाच्या रकान्यात पथ्य होतं, औषध होतं, स्वच्छता होती, बसणं नव्हतं. वर नमाजाच्या वेळी पेशंटच्या घरी थांबली, म्हणून सकिनाचे मार्क कापले. सकिना म्हणाली, कापा. आठव्या आठवड्याला जखम आटून नऊ मिलिमीटरवर आली. डॉक्टरने अंगठ्याची तारीख खोडली, सकिना वर्गात शेवटच्या नंबराने का होईना पास झाली, आणि सफूरेची चूल लांब राहिली. निरोपाच्या दिवशी श्रुतीने पडद्यावर त्या खुर्चीचा फोटो लावला आणि सांगितलं, आमच्या ट्रेनिंगने पेशंटच्या संस्कृतीचा कसा विचार केला. टाळ्या पडल्या. ताजुन्निसा कोपराने ढोसत होती. पण सकिनाने वाकडं तोंडसुद्धा केलं नाही.

तिला दुसरंच दिसत होतं. एकोणीस वर्षांच्या फायली. या गावातले किती अंगठे, किती बोटं, तिने धुतली, बांधली, घरी पाठवली, परत आली तेव्हा काढून टाकायला तयार केली. आणि प्रत्येक फायलीत तिच्याच झोकदार अक्षरात एक ओळ, पेशंट पथ्य पाळत नाही. त्यातले किती खरंच एकच खजूर खात असतील, कोण जाणे. माफी मागायची तर कुणाची मागणार? नावंही आठवेनात, तिने कधी लक्षात ठेवलीच नव्हती.

पथकातल्या पहिल्या भेटीचा कागद हातात आला तेव्हा वेळ लिहिली होती साडेदहा. सकिनाने ती खोडून जोहरच्या, दुपारच्या नमाजाच्या, अजानची घातली. उस्मान कुरकुरला, नियमात बसत नाही म्हणाला. "यल्ला, चालव," ती म्हणाली. घरात पोचल्यावर पेशंटने सवयीने पाय पुढे केला, खजूर खात नाही म्हणून आधीच सांगून टाकलं. सकिनाने बॅग गालिच्यावर ठेवली, उघडली नाही.

"पाय मागाहून बघते. आधी नमाज पढा, मी इथे दाराशी बसते."